युद्धातल्या रेडिओचा एक दिवस

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने तोफा, विमाने आणि जहाजे वापरली, तसाच रेडिओही वापरला. बॉम्ब पडत होते, घरे जळत होती, अन्न मोजून मिळत होते, आणि अशा स्थितीत चार-साडेचार कोटी माणसांना रोज कामावर जाण्याचे बळ द्यायचे होते. हे काम सैन्याला जमणारे नव्हते. ते बी.बी.सी. या रेडिओ संस्थेने केले. त्या काळी तिथल्या कामगाराच्या घरात सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत रेडिओवर काय ऐकू येत असे, ते आज पाहू. वाचकहो, त्यात आपल्याला घेण्यासारखे पुष्कळ आहे आणि सावध होण्यासारखेही आहे.

घरोघरीचे यंत्र

३ सप्टेंबर १९३९ रोजी, रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता पंतप्रधान चेंबरलेन यांनी रेडिओवरूनच जर्मनीशी युद्ध सुरू झाल्याचे देशाला सांगितले. त्याआधी दोनच दिवस नव्याने सुरू झालेले टेलिव्हिजन बंद करण्यात आले होते. वेगवेगळ्या प्रांतांची रेडिओ केंद्रे एकत्र करून ‘होम सर्व्हिस’ नावाचा एकच कार्यक्रम देशभर चालू झाला. पुढे १९४० च्या सुरुवातीला सैनिकांसाठी ‘फोर्सेस प्रोग्रॅम’ निघाला. तो हलकाफुलका असल्यामुळे घरची माणसेही तोच ऐकू लागली.

एकच कार्यक्रम ठेवण्यामागे एक कारण होते. रेडिओच्या लहरींचा माग काढत शत्रूची विमाने शहरावर येऊ शकतात. म्हणून अनेक केंद्रांवरून एकाच लहरीवर एकच कार्यक्रम सोडत. विमाने जवळ आली की त्या भागातले केंद्र बंद करीत आणि दूरच्या केंद्राचा आवाज बारीक का होईना, पण येत राही. रेडिओचा आवाज एकाएकी बसला की त्याचा अर्थ काय, हे लोकांना कळू लागले.

त्या वेळी ब्रिटनमध्ये सुमारे नव्वद लाख घरांकडे रेडिओचे लायसन्स होते. वर्षाला दहा शिलिंग भरावे लागत. ज्या गरीब घरात वीज नव्हती, तिथे रेडिओ ॲसिडच्या बॅटरीवर चाले. ही जड बॅटरी दर आठ-पंधरा दिवसांनी दुकानात नेऊन चार्ज करून आणावी लागे. ते काम बहुधा घरातल्या पोरांच्या गळ्यात पडे.

सकाळी सात : बातम्या आणि चूल

दिवसाची सुरुवात सातच्या बातम्यांनी होई. आठला पुन्हा बातम्या. युद्धापूर्वी बातम्या वाचणारा माणूस आपले नाव सांगत नसे. १९४० च्या उन्हाळ्यात मात्र निवेदक नाव सांगू लागले. शत्रू देशात उतरला आणि त्याने केंद्र ताब्यात घेऊन खोट्या बातम्या दिल्या तर? लोकांना ओळखीचा आवाज आणि ओळखीचे नाव माहीत असले म्हणजे खोटा माणूस लगेच पकडला जाईल, हा त्यामागचा विचार. हवामानाचा अंदाज तर युद्ध संपेपर्यंत रेडिओवर आलाच नाही. आभाळ मोकळे आहे की ढगाळ, हे शत्रूच्या वैमानिकाला फुकटात का सांगायचे?

सव्वाआठला ‘किचन फ्रंट’ हा पाच मिनिटांचा कार्यक्रम लागे. जून १९४० मध्ये तो सुरू झाला. बाजारात जाण्यापूर्वी गृहिणीच्या कानावर पडावा, म्हणून ही वेळ. जानेवारी १९४० पासून लोणी, साखर आणि डुकराचे मांस रेशनवर आले होते. जुलैपासून चहाही रेशनवर गेला, माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम साठ ग्रॅमच्या आत. मग बटाटा आणि गाजर यांचे किती प्रकार होतात, उरलेल्या पावाचे काय करावे, भाजी उकळलेले पाणी का फेकू नये, हे रेडिओ सांगे. सांगणारेही असे की लोक हसत हसत ऐकत. लंडनच्या पूर्व भागातल्या, म्हणजे कष्टकऱ्यांच्या वस्तीतल्या दोन बहिणी, एल्सी आणि डोरिस वॉटर्स, ‘गर्ट आणि डेझी’ या नावाने दोन शेजारणींसारख्या गप्पा मारत आणि गप्पांतून पाककृती सांगत.

‘रेडिओ डॉक्टर’ याच कार्यक्रमातून पुढे आले. त्यांचे नाव चार्ल्स हिल. डॉक्टरने स्वतःची जाहिरात करू नये असा नियम असल्यामुळे त्यांचे नाव सांगत नसत. पोट साफ होणे, पोरांचे दात, गॅस, अपचन या गोष्टी ते अगदी साध्या भाषेत बोलत. सभ्य घरात ज्या गोष्टींचा उच्चार होत नसे, त्या रेडिओवर ऐकून काहींना कसेसेच झाले, पण गरीब घरातल्या आईला फुकट डॉक्टर मिळाला.

या ‘किचन फ्रंट’वर एक मराठी बाईही बोलत असत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांचे नाव वेणू चितळे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळला जन्मलेल्या आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या वेणूताई युद्धकाळात बी.बी.सी.त काम करीत होत्या. मांस मिळेनासे झालेल्या इंग्रज गृहिणींना त्यांनी आपल्याकडच्या शाकाहारी पदार्थांची माहिती दिली. ज्या देशाचे आपल्यावर राज्य होते, त्या देशाच्या चुलीपाशी एका मराठी बाईचा आवाज पोहोचला होता.

साडेदहा : कारखान्यात गाणी

डिसेंबर १९४१ च्या कायद्याने वीस ते तीस वर्षांच्या अविवाहित स्त्रियांनाही युद्धकामासाठी बोलावणे सुरू झाले. लाखो बायका दारूगोळ्याच्या, विमानांच्या कारखान्यांत यंत्रांवर उभ्या राहिल्या. दहा-बारा तासांची पाळी, एकच काम हजारदा करायचे. हात चालतो आणि डोके बधिर होते. आपल्या गिरण्यांत ज्यांनी साचे चालवले, त्यांना हे सांगायला नको.

या कंटाळ्यावर उपाय म्हणून २३ जून १९४० पासून ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ सुरू झाले. सकाळी साडेदहाला अर्धा तास आणि दुपारी तीनला अर्धा तास. पाळी जिथे सर्वांत जड वाटते, नेमक्या तिथेच. पुढे रात्रपाळीसाठी रात्रीही गाणी सुरू झाली. कारखान्याच्या भोंग्यांतून ती सगळीकडे ऐकू येत. कोणती गाणी वाजवायची याचेही नियम होते. ताल एकसारखा हवा. फार संथ नको, कारण त्याने झोप येते. फार उसळती नकोत, कारण त्याने काम चुकते. एका अमेरिकन गाण्यात टाळ्या वाजवायच्या जागा होत्या. तिथे कामगार हातातला पाना यंत्रावर आपटून ठेका धरीत. यंत्रांचे हाल पाहून ते गाणे या कार्यक्रमातून बंद करण्यात आले!

आता यात एक प्रश्न आहेच. गाणी कामगाराच्या आनंदासाठी होती की उत्पादन वाढावे म्हणून? दोन्ही खरे आहे. सरकारला माल हवा होता. पण कामगारालाही अर्धा तास आपल्या मनासारखा मिळत होता. मालकाने आणि सरकारने कामगाराच्या मनाचा विचार केला, तो गरज पडली म्हणून, हे विसरू नये.

दुपार : जेवणाच्या सुट्टीत

३१ मे १९४१ पासून ‘वर्कर्स प्लेटाइम’ सुरू झाला. आठवड्यातून काही दिवस, दुपारच्या सुट्टीत, गायक आणि विनोदी नट प्रत्यक्ष कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जात. टेबले जोडून रंगमंच करीत आणि कार्यक्रम तिथूनच देशभर ऐकू येई. कारखाना कुठला, हे मात्र सांगत नसत. ‘ब्रिटनमध्ये कुठेतरी’ एवढेच. नाव सांगितले की बॉम्ब पडण्याची भीती.

या कार्यक्रमाला मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांचा मोठा पाठिंबा होता. बेव्हिन हे गरिबीतून आलेले. अकराव्या वर्षी शाळा सुटली, शेतावर मजुरी केली, गाडी हाकली आणि पुढे गोदी व वाहतूक कामगारांची प्रचंड मोठी युनियन उभी केली. कामगारांच्या जेवणघरात कलावंत आणायचा मान त्यांनी ओळखला. हा कार्यक्रम युद्धानंतरही चालू राहिला, थेट १९६४ पर्यंत.

संध्याकाळ : मुले, हसू आणि प्रश्न

संध्याकाळी पाचच्या पुढे मुलांचा कार्यक्रम असे. युद्ध सुरू होताच पहिल्या काही दिवसांतच सुमारे पंधरा लाख माणसे, त्यांत बहुतेक मुले आणि त्यांच्या माता, शहरांतून खेड्यापाड्यांत हलवण्यात आली होती. अनोळखी घरात राहणाऱ्या मुलाला रोजच्या वेळी रोजचाच आवाज ऐकू आला की धीर येई. १३ ऑक्टोबर १९४० रोजी याच कार्यक्रमात चौदा वर्षांची राजकन्या एलिझाबेथ, म्हणजे पुढची राणी, मुलांशी बोलली.

गुरुवारी रात्री टॉमी हँडली यांचा ‘इट्स दॅट मॅन अगेन’ हा विनोदी कार्यक्रम ऐकायला दीड कोटीच्या आसपास माणसे बसत. त्यात सरकारी कचेऱ्या, फतवे, साहेब लोक यांची यथेच्छ टिंगल होई. त्यात मिसेस मॉप नावाची झाडलोट करणारी बाई होती. बादली घेऊन ती साहेबाच्या खोलीत धाडकन शिरायची आणि साहेबाची पंचाईत करायची. पाहता पाहता ती सगळ्या देशाची लाडकी झाली. झाडणाऱ्या बाईवर हसणे आणि झाडणाऱ्या बाईबरोबर साहेबावर हसणे यात फरक आहे. या कार्यक्रमात दोन्ही होते.

‘ब्रेन्स ट्रस्ट’ हा कार्यक्रम १९४१ च्या जानेवारीत सुरू झाला. सामान्य श्रोत्यांनी पत्राने प्रश्न पाठवायचे आणि शास्त्रज्ञ ज्युलियन हक्स्ली, तत्त्वज्ञ जोड आणि जगभर फिरलेले खलाशी कमांडर कॅम्बेल यांनी आयत्या वेळी उत्तरे द्यायची. माशी छताला उलटी कशी बसते, इथपासून लोकशाही म्हणजे काय, इथपर्यंत. आठवड्याला हजारो पत्रे येत. सहावी-सातवीत शाळा सोडलेली माणसे विद्वानांना प्रश्न विचारीत आणि विद्वानांचे आपसांत पटत नाही, हेही ऐकत. ज्ञान ही कोणा एकाची मिरास नाही, हे यापेक्षा चांगले कोण शिकवणार?

रात्री नऊ : सारा देश एका ठिकाणी

रात्री नऊच्या बातम्या म्हणजे दिवसाचा कळस. देशातली निम्म्याच्या आसपास मोठी माणसे त्या ऐकत. नोव्हेंबर १९४० पासून बातम्यांपूर्वी बिग बेन या प्रसिद्ध घड्याळाचे ठोके ऐकवीत, आणि ते वाजत असताना घरोघरी माणसे मिनिटभर शांत बसत. रणांगणावरच्या मुलाची, नवऱ्याची आठवण काढण्याचे ते मिनिट.

१५ ऑक्टोबर १९४० ची रात्र. लंडनमधल्या बी.बी.सी.च्या मुख्य इमारतीत सातव्या मजल्यावरून एक बॉम्ब घुसला आणि खालच्या मजल्यावर न फुटता पडून राहिला. नऊ वाजून गेले. ब्रूस बेलफ्रेज बातम्या वाचत होते. तेवढ्यात बॉम्ब फुटला. इमारतीतली सात माणसे ठार झाली. श्रोत्यांना एक दबका धडाका ऐकू आला. बेलफ्रेज क्षणभर थांबले, अंगावर आणि कागदांवर पडलेली धूळ झटकली आणि पुढची बातमी वाचू लागले. त्या दिवसांत कर्मचारी इमारतीतल्या संगीतसभागृहातच गाद्या टाकून झोपत. मध्ये पडदा, एका बाजूला स्त्रिया, दुसऱ्या बाजूला पुरुष.

१९४० च्या उन्हाळ्यात रविवारी नऊच्या बातम्यांनंतर लेखक जे. बी. प्रीस्टली बोलत. ते यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्ड या गिरणगावचे. डंकर्कहून सैनिकांना आणायला गेलेल्या सहलीच्या साध्या बोटींवर ते बोलले. बॉम्बहल्ल्यानंतरही गावातल्या दुकानाच्या खिडकीत वाफाळत राहिलेल्या मोठ्या पायबद्दल बोलले. लोकांना ते आपल्यातले वाटले. पण पुढे ते विचारू लागले की युद्धानंतर काय? पुन्हा तीच बेकारी, तीच झोपडी? मालमत्ता मोठी की समाज? मग सत्ताधारी पक्षातल्या बड्या मंडळींना ते खटकू लागले. त्यांची ती भाषणे ऑक्टोबर १९४० मध्ये थांबली, १९४१ मध्ये थोडा काळ पुन्हा झाली आणि पुन्हा थांबवण्यात आली. लोकांच्या धैर्यावर बोला, लोकांच्या हक्कांवर नको, असाच त्याचा अर्थ.

कोणाच्या तोंडून?

बातम्या वाचणाऱ्यांची बोली एकच असे, श्रीमंतांच्या शाळेत शिकलेल्यांची. १९४१ च्या अखेरीस बी.बी.सी.ने विल्फ्रेड पिकल्स यांना लंडनला आणले. ते उत्तरेकडच्या हॅलिफॅक्स या गिरणगावचे, तरुणपणी वडिलांबरोबर बांधकामावर राबलेले. त्यांच्या बोलण्यात गावाकडचा हेल होता. ही बोली जर्मनांना सहज नक्कल करता येणार नाही, असेही एक कारण होते. पण काय झाले? तक्रारी आल्या. या माणसाच्या तोंडून आलेली बातमी खरी वाटत नाही, असे लोक म्हणू लागले! गवंडीकाम केलेल्याने सांगितलेले खरे आणि साहेबाने सांगितलेले खरे, यांत फरक का पडावा? बातमी तर तीच होती. पिकल्स काही महिन्यांत उत्तरेला परतले. पण १९४६ मध्ये त्यांनी गावोगाव फिरून सामान्य माणसांना बोलते करणारा कार्यक्रम सुरू केला आणि कोट्यवधी लोक तो ऐकू लागले.

रंगाचेही तेच. जमैकाच्या कवयित्री उना मार्सन यांनी बी.बी.सी.तून वेस्ट इंडीजसाठी कार्यक्रम चालवला. ब्रिटनसाठी लढायला आलेले काळे सैनिक त्यातून घरी निरोप पाठवीत. वेस्ट इंडीजचे थोर क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टन्टाइन हे युद्धकाळात मजूर खात्यात वेस्ट इंडियन कामगारांचे कल्याण अधिकारी होते. रेडिओवरही बोलत. १९४३ मध्ये लंडनच्या इम्पीरियल हॉटेलने त्यांना कुटुंबासह राहू दिले नाही, कारण त्यांचा रंग. कॉन्स्टन्टाइन कोर्टात गेले आणि १९४४ मध्ये दावा जिंकले. रेडिओवरचा आवाज चालतो, पण माणूस दाराशी आला की दार लागते. हा अनुभव कसा असतो, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

खरे किती, झाकलेले किती?

जर्मनीत परदेशी रेडिओ ऐकणे युद्धाच्या पहिल्याच दिवसापासून गुन्हा होता. ऐकलेले पसरवले तर फाशीसुद्धा होई. तरी लोक चोरून बी.बी.सी. ऐकत, कारण ती हरलेल्या लढायाही सांगे. युद्ध संपेपर्यंत तिचे प्रसारण चाळीसहून अधिक भाषांत होऊ लागले होते.

पण ती सगळेच सांगत होती असे नाही. प्रत्येक मजकूर आधी तपासला जाई आणि भलतेच बोलले तर तिथल्या तिथे आवाज तोडायला माणूस बसलेला असे. १५ सप्टेंबर १९४० रोजी जर्मनीची १८५ विमाने पाडल्याचे सांगितले गेले. खरा आकडा साठच्या आसपास होता. १७ जून १९४० रोजी ‘लँकास्ट्रिया’ जहाज बुडून हजारो माणसे मेली. ती बातमी सरकारने पाच आठवडे दाबून ठेवली.

आपल्या देशाच्या बाबतीत तर दुहेरी माप होते. भारतासाठी बी.बी.सी.ने १९४० मध्ये हिंदुस्थानी आणि १९४२ मध्ये मराठी प्रसारण सुरू केले. लेखक जॉर्ज ऑर्वेल १९४१ ते १९४३ या विभागात होते. त्यांनी लिहिलेली बातमीपत्रे भारतीय भाषांत जात आणि मराठीच्या कामात वेणू चितळे होत्या. लंडनहून स्वातंत्र्यासाठी लढा असे सांगितले जात होते आणि त्याच वेळी, १९४२ च्या ऑगस्टमध्ये, मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवणाऱ्या उषा मेहता व त्यांच्या साथीदारांच्या मागे पोलीस लागले होते. नोव्हेंबरात त्या पकडल्या गेल्या आणि त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. लंडनचा रेडिओ स्वातंत्र्याचा आणि मुंबईचा रेडिओ गुन्ह्याचा!

एक पहाट, कामगारांसाठी

तरी एक दिवस ध्यानात ठेवावा असा आहे. १ डिसेंबर १९४२. त्या पहाटेपासून बी.बी.सी.ने बावीस भाषांत एक योजना जगाला सांगितली. ती विल्यम बेव्हरिज यांची. आजारपण, बेकारी, म्हातारपण, बाळंतपण, वैधव्य यांत माणसाला उघड्यावर पडू द्यायचे नाही. सर्वांनी थोडे थोडे भरायचे आणि अडचणीत हक्काने घ्यायचे. भीक म्हणून नाही. त्याच विचारातून ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली.

आपल्याकडे त्याच काळात, जुलै १९४२ पासून, व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या कारकिर्दीत, मार्च १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्यासाठी प्रा. बी. पी. आडारकर यांची नेमणूक झाली. १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला आणि त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आपल्या घरात कोणाकडे ई.एस.आय.चे कार्ड असेल, तर त्याचा उगम त्या काळात आहे.

आता रेडिओची जागा मोबाइलने घेतली आहे. दिवसभर कानावर आवाज पडतच असतात. ऐकताना तीन गोष्टी विचाराव्यात. बोलणारा कोण आहे? तो काय सांगत नाही? आणि आपल्यासारख्यांना तिथे बोलू देतात का? बातमीच्या खरेपणाची परीक्षा बोलणाऱ्याच्या बोलीवरून, रंगावरून किंवा जातीवरून करू नये, पुराव्यावरून करावी. घरातल्या शाळकरी मुलांना हे जरूर सांगा, आणि त्यांनी प्रश्न विचारले तर रागावू नका. त्या काळच्या कामगारांनी हजारो पत्रे लिहून हेच केले होते.